बर्फ न पडणाऱ्या मुलखातली थंडी

महाराष्ट्रात थंडीचा विषय निघाला की लोक महाबळेश्वरचं नाव घेतात, फार तर निफाडचं. मराठवाडा म्हटलं की ऊन, दुष्काळ आणि टँकर. पण डिसेंबर-जानेवारीत राज्याच्या किमान तापमानाचा तक्ता रोज बघणाऱ्याला परभणी त्यात हमखास वरच्या ओळींत दिसते, आणि काही पहाटे तिथला पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला असतो. इथं बर्फ पडत नाही, फोटो काढण्यासारखं काही घडत नाही, म्हणून या थंडीची गोष्ट कुणी सांगत नाही. मला ती मुक्कामामुक्कामाला थांबून ऐकायची होती.

सोबत माझे मोठे मामा होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतला बराच काळ लडाखमधल्या द्रासला गेला, एक पाळी सियाचीनवर. वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या सणाला, त्यांना अहमदपूरजवळच्या आमच्या आजोळी पोचायचं होतं. छत्रपती संभाजीनगरहून सरळ निघालं तर संध्याकाळपर्यंत गाव गाठता येतं. आम्ही मुद्दाम वाकडी वाट धरली. गाडी मी चालवणार, थंडीतलं काय बघायचं ते मामा सांगणार, असं ठरलं. मामींनी बाजरीच्या भाकरी, कारळ्याची चटणी आणि दोन वाकळी दिल्या. मी एक साधा तापमापक घेतला.

रविवार, म्हैसमाळ

खुलताबाद मागे पडलं आणि घाट लागताच मामांनी गाडीची काच खाली केली. म्हैसमाळ 1,067 मीटरवर आहे, मराठवाड्यातलं थंड हवेचं ठिकाण. गिरिजामातेच्या देवळापाशी पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. पठारावर वाऱ्याला अडवणारं काही नाही. वाळलेलं गवत एका बाजूला निजलेलं होतं. रात्री खोलीच्या दाराची फट वर्तमानपत्रं कोंबून बुजवावी लागली.

पहाटे तापमापक झाडाला छातीच्या उंचीवर टांगला. अकरा अंश. इतक्या उंचीवर याहून कमी असेल अशी माझी अटकळ होती. मामा म्हणाले, "आता खाली चल. वेरूळच्या अंगाला, ओढ्याच्या काठी." उजाडण्याआधी उतरलो. गव्हाच्या वावराजवळ थांबून पुन्हा मोजलं तर आठ!

"थंडी पाण्यावानी असती माय," मामा म्हणाले. "उतारानं वाहती आन् खोलगटात साचती. आम्ही वर पोस्टवर असताना नाल्याच्या तळाला तंबू कधीच ठोकला न्हाई. एक तर वरून बर्फाचा कडा यायची भीती, आन् दुसरं हे."

दिवसा वर जावं तसं दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात, हे शाळेत शिकलेलं. हिवाळ्यातल्या निवांत रात्री गणित उलटं होतं. आभाळ मोकळं असलं की जमीन आपली ऊब वर सोडून देते, जमिनीलगतची हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे सखल भागात उतरून बसते. म्हणून उंचावरच्या म्हैसमाळपेक्षा कितीतरी खालची परभणी जास्त गारठते. वर वारा बोचतो म्हणून थंडी जास्त वाटते, एवढंच.

सोमवार, जालन्यावरून मानवतकडे

जालन्यात चहा आणि मोसंबी, बाकी थांबण्यासारखं आमचं काही काम नव्हतं. परतूर, सेलू करत दुपार टळली. दिवसा अंगातला स्वेटर काढून मागच्या सीटवर टाकला होता, इतकं ऊन. पहाटे आठ आणि दुपारी अठ्ठावीस. वीस अंशांची ही चढउतार मराठवाड्याच्या थंडीचं खरं लक्षण आहे. सकाळी कुडकुडणारा माणूस दुपारी घामाघूम होतो, आणि त्या घामानं ओला झालेला सदरा संध्याकाळी पाठीवर गार पडतो.

मानवत-पाथरीचा भाग जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. संध्याकाळी एका फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांचा तळ दिसला आणि मामांनी गाडी थांबवायला सांगितली. बीड जिल्ह्यातली माणसं होती, धारूर-वडवणीकडची. दिवाळीनंतर गाव सोडायचं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, असंच राहायचं. कोपी म्हणजे बांबू वाकवून वर पाचट आणि ताडपत्री. आत वाकून शिरावं लागतं. दाराला पोतं.

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या एका बाईंना मी पहाटेच्या थंडीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "तीनला उठतो ताई. चारला फडात. थंडीचं काय, सोसती. पर पाचटावरचं दव लई वंगाळ. उसात शिरलं की दोन मिनिटांत लुगडं भिजतंय. मग दिवस वर येईस्तोवर त्येच अंगावर."

मामा लगेच बसले. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पायांत काय घालता, आणि लेकरं कुठं निजतात. पायांत प्लास्टिकच्या चपला होत्या. लेकरं कोपीतच, एका चादरीत तिघं. बाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. भाकरी उलटत सांगत होत्या.

गाडीत बसल्यावर मामा बऱ्याच वेळानं बोलले. "सियाचीनला अंगावर किती थर असायचे ठाऊक हाय? आत ऊनी, त्यावर दुसरं, त्यावर पिसांचं जाकीट, त्यावर वारा अडवणारं. हातात तीन-तीन मोजे. बूट असे की पाय बर्फात राहिला तरी आत कोरडा. सगळ्यात पहिली शिकवण ती. ओलं राहायचं न्हाई. ओला माणूस मेला. आन् ही बाई उणे न्हाई, आठ अंशांत, पर ओली हाय."

तापमापक मी त्या संध्याकाळी बाहेर काढला नाही.

मंगळवार, परभणी

या प्रवासात मला सगळ्यात जास्त उत्सुकता परभणीची. इथं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, 1972 साली स्थापन झालेलं. त्याच्या मोकळ्या शिवारात हवामानाच्या नोंदी होतात. वर्तमानपत्रांत परभणीचे कधीकधी दोन आकडे येतात, एक शहराचा आणि एक विद्यापीठाचा, आणि विद्यापीठाचा बहुधा कमी असतो. कारण उघड आहे. शहरात सिमेंट, डांबर, वाहनं आणि माणसं रात्रीही ऊब धरून ठेवतात. शिवारात अडवणारं काही नसतं.

पहाटे शहराबाहेर, ज्वारीच्या वावराच्या बांधावर उभे राहिलो. ज्वारी पोटरीतून बाहेर पडत होती, हुरड्याला अजून वेळ होता. आमच्या तापमापकात सहा. पानांवर दव इतकं की बांधावरून दहा पावलं चाललो आणि सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. पाचटाबद्दल आदल्या संध्याकाळी ऐकलेलं मला तिथं कळलं. हात बधिर झाले होते आणि गाडीची किल्ली बोटांत धरवत नव्हती.

ही थंडी येते कुठून? भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात. ते काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पाडतात आणि पूर्वेकडे सरकतात. ते गेल्यावर उत्तरेचे कोरडे वारे खाली दख्खनकडे मोकळे सुटतात. म्हणजे सोनमर्गला बर्फ पडल्याची बातमी आली की पुढच्या दिवसांत परभणीत शेकोट्या वाढतात. बर्फ तिकडंच राहतो, त्याच्यावरून आलेला वारा मात्र आपल्यापर्यंत पोचतो. त्यात काळी जमीन. वरचा थर वाळलेला, भुसभुशीत, भेगाळलेला. त्यात हवा भरलेली असते, त्यामुळे खालची ऊब वर येत नाही आणि पृष्ठभाग झपाट्यानं गार होतो. भिजवलेलं वावर त्या मानानं उबदार राहतं. शेतकऱ्याला हे शास्त्र पुस्तकाशिवाय ठाऊक असतं.

हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात किमान तापमान दहा किंवा त्याहून कमी झालं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घसरलं, की थंडीची लाट. साडेसहाच्या जवळपास घसरण पोचली की ती तीव्र होते. मोजमाप सावलीत, लाकडी जाळीच्या पेटीत, जमिनीपासून चार फूट उंच. गवताच्या पात्यावरचं तापमान त्याहून कमी असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात ते याच कारणानं, पेटीतला पारा तेव्हा शून्याच्या वरच असतो.

मी हे मामांना सांगत होते, तर ते म्हणाले, "द्रासला एक गोष्ट लवकर कळती. बर्फ पडायला लागला की थंडी कमी वाटती. वारा थांबतो, आवाज थांबतात, कुत्रं भुंकलं तरी लांब भुंकल्यावानी. शून्याच्या जवळपास असतंय तवा. खरी थंडी दुसऱ्या दिवशी. आभाळ फाटतं, ऊन पडतं, सगळीकडं चकाकतं, चष्मा न्हाई घातला तर डोळे जातात, आन् रात्री उणे पंचवीस."

तेच आपल्याकडे. परभणीत ढगाळ रात्र उबदार जाते आणि ढग हटले की दुसऱ्या पहाटे पारा पडतो. ढग जमिनीची ऊब परत खाली पाठवतात. द्रास 3,200 मीटरच्या आसपास आणि परभणी चारशेच्या, पण नियम एकच आहे.

दुपारी ज्या नातेवाइकांकडे उतरलो होतो त्यांच्या दारात एक काश्मिरी शालवाला आला. ही माणसं दर हिवाळ्यात मराठवाड्यात येतात, पाठीवर गाठोडं घेऊन गल्लोगल्ली फिरतात, ओळखीच्या घरांत उधारीवरही शाल देऊन जातात. हा कुपवाड्याचा होता. मोडकी पण समजेल अशी मराठी बोलत होता. मामांनी द्रासचं नाव काढताच त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि मग दोघांचं हिंदीत असं काही सुरू झालं की चहा दोनदा करावा लागला.

त्यानं चिल्लई कलानचं सांगितलं. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस, काश्मीरच्या हिवाळ्यातला सगळ्यात कडक काळ. त्यानंतर वीस दिवसांची चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांची चिल्लई बच्चा. या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ डोंगरावर टिकतो आणि उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी पुरवतो, म्हणून बर्फ नाही पडला तर शेतकरी घाबरतो. आपण मृग कोरडा गेला की घाबरतो, तसं. वांगी, दुधी, टोमॅटो उन्हाळ्यात चिरून वाळवून ठेवतात, कारण रस्ते बंद होतात. अंगात पायघोळ फेरन आणि आत कांगडी, वेताच्या टोपलीत बसवलेलं मातीचं भांडं आणि त्यात निखारे.

मग मी विचारलं, "तुम्हाला इथली थंडी काय वाटणार?" तो म्हणाला की परभणीत त्याला घरापेक्षा जास्त थंडी वाजते. घरी एक खोली तापवलेली असते, खाली जाड सतरंज्या असतात, कांगडी असते. इथं भाड्याची खोली, खाली फरशी, खिडकीला जाळी आणि वर पत्रे. पत्र्यावर जमलेलं दव पहाटे आतून टपटपतं.

त्याच्या त्या खोलीबद्दल मी नंतरही विचार करत राहिले. मराठवाड्याची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. जुनी माळवदं तरी दोन्ही ऋतूंना पुरी पडायची. दोन-दोन हात रुंदीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकूड, चिपाडं आणि मातीचा जाड थर. दिवसाची ऊब रात्री आत झिरपायची. आता माळवदाला लागणारं लाकूड परवडत नाही आणि ते बांधणारे हातही कमी झाले. गावोगाव पत्रे आले. पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि हिवाळ्यात गोठतो. गरिबाच्या घरात दोन्ही ऋतू पूर्ण ताकदीनं शिरतात.

बुधवार, अर्धापूर आणि नांदेड

पहाटे अंधारातच निघालो. झिरो फाटा, वसमत. वसमतच्या शिवारात हळदीची पानं पिवळी पडून वाळायला लागली होती. तिथून अर्धापूरकडे वळलो आणि केळीच्या बागांवर धूर दिसला. आग नव्हती. बांधाबांधावर ओला पालापाचोळा पेटवलेला, ज्वाळा कमी आणि धूर जास्त. तो वर न जाता बागेवरच पसरून राहिला होता.

एक बागायतदार धुराजवळच उभे होते. त्यांनी सांगितलं की पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड खोडातच अडकतो आणि निसवलाच तर वाकडा येतो. तयार फळाची साल काळपट पडते आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून रात्री पाणी द्यायचं, पहाटे धूर करायचा, घडांना पिशव्या घालायच्या. बांध ओलांडून पलीकडे त्यांचाच गहू होता, आणि त्याच थंडीत तो जोमानं फुटवे टाकत होता. "गव्हाला हवी, केळीला नको. कुणाकुणाचं ऐकावं थंडीनं?" असं म्हणून ते धुरात नवा पाला टाकायला गेले.

हरभऱ्याच्या एका तुकड्यावर पांढरं धोतर पसरलेलं दिसलं. आंब धरायची ही जुनी रीत. हरभऱ्याच्या पानांवरचा आंबट रस दवात उतरतो, कपडा तो शोषून घेतो, आणि पहाटे तो पिळून बाटलीत भरतात. पोटदुखीवर आजी त्याचे थेंब पाण्यात घालून द्यायची. ही आंब थंडी कडक आणि दव भरपूर असल्याशिवाय मिळत नाही. मी बोट लावून चाखली. दात आंबले.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये चहा घेत बसलो. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथं देह ठेवला, त्यामुळे पंजाबातून येणारी माणसं बारमाही. शेजारी भटिंड्याकडचे एक वयस्क शेतकरी बसले होते. त्यांना नांदेडचा डिसेंबर म्हणजे वसंत वाटत होता. त्यांच्याकडची थंडी धुक्याची. सूर्य दिवसचे दिवस दिसत नाही, दुपारीही बारा-तेरा अंश, कपडे वाळत नाहीत, समोरची ट्रॉली अंगावर येईपर्यंत कळत नाही. आपल्याकडे पहाट कितीही गारठली तरी नऊला ऊन येणार याची खात्री असते. त्यांच्याकडे ती नाही. मराठवाड्याला ऊन शिव्या देण्याइतकं मिळतं, पण हिवाळ्यात त्याच उन्हावर इथला गरीब माणूस तगतो. भिंतीला पाठ लावून उन्हात बसलेले म्हातारे मी आठवडाभर प्रत्येक गावात पाहिले.

गुरुद्वाऱ्यात रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीचं पाणी गागरीत भरून आणतात. दुसऱ्या दिवशी त्यासाठी उठायचं ठरवलं आणि उठले. थंड दगडावर अनवाणी चालणारी ती पावलं बघून मामांचे हात आपोआप जोडले गेले.

गुरुवार, माळेगाव

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोह्याच्या पुढे माळेगावची खंडोबाची यात्रा याच दिवशी सुरू होते. देवस्वारी, पालखी, भंडारा, "येळकोट येळकोट जय मल्हार". घोडे, गाढवं, उंट, कुत्री, सगळ्यांचा बाजार. घोड्यांच्या तळावर पोचलो तेव्हा सकाळ होती. शेकडो नाकपुड्यांतून वाफ निघत होती आणि तिच्यात शेकोट्यांचा धूर मिसळत होता. रात्र उघड्यावर काढलेली माणसं गाडीखालून, ताडपत्रीखालून बाहेर येत होती.

एका घोडेवाल्यानं सांगितलं की थंडीच्या रात्री घोड्यावर झूल घातल्याशिवाय तो स्वतः पांघरूण घेत नाही. घोडा पाठीत भरला तर विकायचा काय?

मामांचं लक्ष घोंगड्यांकडे होतं. खरी हातमागाची घोंगडी आता शोधावी लागते. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. मऊ स्वेटरला ती चालत नाही, म्हणून बाजारात तिला किंमत नाही. पण त्याच राठपणामुळे घोंगडीवर पडलेलं दव आणि रिमझिम वरच्या वर राहतं. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी फळीसारखी ताठ असते आणि वापरता वापरता मऊ पडते. मामांनी तीन-चार उलगडून बघितल्या, वास घेतला, एक धागा ओढून काडी लावली. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि विझल्यावर राख चुरगळते. प्लास्टिकचा धागा वितळून गोळा होतो. विक्रेता म्हातारा धनगर हे सगळं शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "फौजी हाव का?"

घोंगडी घेतली. गाडीत मामा ती मांडीवर ठेवून बसले आणि सियाचीनचं बोलले, जे त्यांनी घरात फारसं कधी काढलं नव्हतं. अठरा हजार फुटांच्या वर तीन महिने. पाणी म्हणजे बर्फ, आणि तो रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवायचा. उघडा हात बंदुकीला लागला की कातडी चिकटते. रोज रात्री एकमेकांचे पाय तपासायचे, कारण हिमदंश दुखत नाही. बोट पांढरं पडतं, लाकडासारखं होतं आणि ज्याचं बोट त्याला पत्ता नसतो. म्हणून पाय दुसऱ्यानं बघायचे, असा नियमच. त्यांच्या जोडीदाराची दोन बोटं तशीच गेली. "त्या पोरानं त्या दिवशी बूट काढायचा कंटाळा केला. मी जोर केला न्हाई," एवढंच म्हणाले आणि अहमदपूर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

गावात पोचलो तेव्हा घराघरांत वेळ अमावस्येची तयारी चालली होती. तुरीच्या शेंगा, वाल, हरभरा, मटार सोलायला सगळं घर बसलेलं. आंबिलाचं मडकं चुलीजवळ. धाकट्या मामांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, मात्र जेवून लगेच निजला. बाराला वीज येणार होती.

शेतीपंपाची वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली. काही गावांत तिचा गुण आलाय, आजोळच्या फीडरपर्यंत ती अजून पोचलेली नाही. बाराला दादा उठला. मोठे मामाही उठले आणि त्यांच्यामागे मी.

गव्हात दारं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायचं काम होतं. विहिरीचं पाणी रात्रीही कोमट असतं, कारण जमिनीच्या पोटातली ऊब त्यात असते. पाटातून वाफ निघत होती. पाय पाण्यात आहे तोवर बरं वाटतं. दुसऱ्या वाफ्याकडे जायला बाहेर काढला की वारा लागतो आणि हाडापर्यंत कळ जाते. पुन्हा पाणी, पुन्हा वारा. हे पहाटेपर्यंत. दादा अनवाणी होता. चिखलात चपला रुततात, शिवाय पाय उघडा असला की पाटातल्या जनावराची चाहूल लागते, असं तो म्हणाला. बांधावर टांगलेल्या तापमापकात दोनच्या सुमारास सात.

मामांनी टॉर्च त्याच्या पायांवर धरला. टाचांच्या भेगांत चिखल भरलेला, बोटं पाण्यानं सुरकुतून पांढरी पडलेली. मामा खाली बसले, दादाला बांधावर बसवलं आणि त्याचा एकेक पाय हातात घेऊन बोटं दाबून बघितली. दादा संकोचून म्हणत होता, "राहू द्या ना काका, रोजचंच हाय." मामा म्हणाले, "रोजचं हाय म्हणूनच बघायलो."

शुक्रवार, वेळ अमावस्या

लातूर जिल्ह्यात या दिवशी शहरं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, ज्वारी-हरभऱ्याची हिरवीगार मांडणी. बायकांच्या डोक्यावर पाट्या. आंबिल पिकावर शिंपडून झालं आणि पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या भांड्यातलं आंबिल. भज्जीची चव मी शब्दांत मांडणार नाही, ज्यानं वावरात बसून खाल्ली त्याला ती ठाऊक आहे आणि दुसऱ्याला सांगून कळत नाही.

जेवणानंतर पोरं मोठ्या मामांना चिकटली. बर्फ कसा असतो, हातात धरता येतो का, खाता येतो का. मामा सांगत होते. मध्येच एका मुलीनं विचारलं, "मंग आपल्याकडं का पडत न्हाई?"

आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी, ढगच नसतात. आणि शून्य अंश ज्या उंचीवर असतो ती उंची जमिनीपासून काही किलोमीटर वर असते. वरून बर्फ निघाला तरी खाली येईपर्यंत त्याचं पाणी होतं. हे मी सांगत होते, तेवढ्यात धाकटे मामा म्हणाले, "पडला की. चौदा साली."

2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात झालेली गारपीट. वावरात घोट्याएवढ्या गारा साचल्या होत्या. काढणीला आलेली ज्वारी आडवी, हरभरा मातीत, आंब्याचा मोहोर झडलेला, झाडांखाली पोपटांचा सडा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बांधाच्या सावलीत पांढरा ढीग तसाच होता. ढग उंच चढले, खालची दमट उष्ण हवा वर ओढली गेली आणि वरच्या थंडीत गारांवर थरावर थर चढत गेले. वितळायला वेळच मिळाला नाही इतक्या जड होऊन त्या खाली आल्या. काश्मीरचा बर्फ झऱ्यांना पाणी देतो. आमच्याकडचा पांढरा ढीग कर्ज देऊन गेला. धाकटे मामा हे सांगताना कोपीबाहेरच्या गव्हाकडे बघत होते, आणि मग आपण होऊनच म्हणाले, "यंदा फुटवा चांगला हाय. थंडी अजून पंधरा दिवस राहावी."

संध्याकाळी पोरांनी कडब्याचा हेंडगा पेटवला आणि ओरडत पिकाभोवती पळाली. दादा त्यांच्यात नव्हता. रात्रीची पाळी रविवारपर्यंत आहे, म्हणून तो निजायला गेला होता. मोठ्या मामांनी त्याच्या पायाचं माप दोरीनं आधीच घेऊन ठेवलं होतं. उद्या अहमदपूरला जाऊन गमबूट आणायचेत, गुडघ्यापर्यंतचे, आठ नंबर, आणि सोबत लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या. एक ओली झाली की बदलायला दुसरी.